‘मी ठीक आहे’ असं नक्की कोण म्हणतंय?

शाळेत मधल्या सुट्टीत आमचा डब्ल्यूडब्ल्यूईच्या पत्त्यांचा डाव चालायचा. प्रत्येक पत्त्यावर एका पैलवानाचा फोटो आणि त्याखाली रँक, उंची, वजन, छाती, बायसेप्स. ज्याचा आकडा मोठा, त्याला समोरच्याचा पत्ता. माझ्याकडे ख्रिस बेनुआचा पत्ता होता. आम्ही त्याला ‘बेनॉइट’ म्हणायचो, कारण तसंच लिहिलेलं होतं. उंचीत तो हमखास हरायचा, तरी मी तो पत्ता गड्डीच्या तळाशी जपून ठेवायचो. रिंगच्या दोरांवर चढून तो समोरच्याच्या अंगावर डोकं पुढे करून झेप घ्यायचा, ते मला फार आवडायचं. घरी गादीवर उशा रचून मी ते करून पाहिलं होतं.

मग मी पाचवीत असताना, २००७ च्या पावसाळ्यात, तो टीव्हीवर दिसेनासा झाला. कुणी सांगायचं तो मेला, कुणी म्हणायचं खोटं खोटं मेला, पुढच्या महिन्यात परत येईल. कुस्तीच खोटी, तर मरणही खोटं असणार असा आमचा साधा हिशोब होता. खरं काय घडलं ते मला थेट हॉस्टेलच्या वायफायवर कळलं. त्या वर्षी जूनच्या एका वीकेंडला, अमेरिकेतल्या जॉर्जियामधल्या आपल्या घरात, बेनुआने बायकोचा आणि सात वर्षांच्या मुलाचा खून केला आणि मग गळफास घेतला. कंपनीने आधी त्याच्या श्रद्धांजलीचा तीन तासांचा कार्यक्रम दाखवला आणि नंतर खरा प्रकार कळल्यावर त्याचं नाव घेणंच बंद केलं.

पण मला लिहायचंय ते बेनुआवर नाही. त्याच्या वडिलांशी संपर्क साधून ‘तुमच्या मुलाचा मेंदू तपासायला द्याल का’ असं विचारणाऱ्या माणसावर लिहायचंय. तो डॉक्टर नव्हता. बेनुआबरोबर त्याच कंपनीत काम केलेला, वयाच्या पंचविशीत कुस्तीतून बाहेर पडावं लागलेला एक पैलवान होता. त्याचं नाव ख्रिस नोविन्स्की. तो आमच्या पत्त्यांमध्ये नव्हता. इतकी त्याची कारकीर्द छोटी.

नोविन्स्की मूळचा फुटबॉलवाला. फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, ज्यात चेंडू लंबगोल असतो आणि पायापेक्षा अंगाचा वापर जास्त होतो. हार्वर्ड विद्यापीठाच्या संघात तो बचावफळीत मधोमध खेळायचा. या जागेवरच्या खेळाडूचं काम म्हणजे चेंडू खेळात आला की समोरच्या शंभर-सव्वाशे किलोच्या माणसावर जाऊन आदळायचं. प्रत्येक खेळीला, मॅचमध्ये आणि सरावातही. २००० साली समाजशास्त्राची पदवी घेऊन तो एका कन्सल्टिंग कंपनीत लागला. आपल्याकडे याच्यावर लग्न ठरतं. याने नोकरीसोबत किलर कोवाल्स्की नावाच्या जुन्या पैलवानाच्या शाळेत कुस्तीचे धडे घ्यायला सुरुवात केली, २००१ मध्ये ‘टफ इनफ’ या रिअ‍ॅलिटी शोच्या अंतिम फेरीपर्यंत पोचला आणि २००२ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईच्या रिंगमध्ये उतरला. त्याला भूमिका मिळाली ती हार्वर्डच्या शिष्ट मुलाची. माइक हातात घ्यायचा, प्रेक्षकांना अडाणी म्हणायचं, त्यांच्या शिव्या खायच्या आणि शेवटी मार खायचा. लोकांना तो मार खाताना बघायचा असे आणि त्याचा पगार त्याचाच होता.

या धंद्यात एक शब्द आहे, ‘सेल’ करणं. समोरच्याने मारलेला ठोसा लागलेला नसतो, पण तो लागल्यासारखा दाखवायचा, कळवळायचं, पाय लटपटवायचे. याला म्हणतात सेल करणं. चांगला सेल करणाऱ्याला पैलवानांमध्ये मान असतो, कारण समोरचा ताकदवान दिसतो तो याच्या कळवळण्यामुळे. उलट एखाद्याने मार खाऊनही काहीच न झाल्यासारखं दाखवलं तर त्याला ‘नो-सेल’ म्हणतात. म्हणजे रोज संध्याकाळी न झालेलं दुखणं हजारो लोकांना पटवून देणं हेच नोविन्स्कीचं कौशल्य होतं.

जून २००३. कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्ड शहरातली मॅच. समोरच्या पैलवानाची एक लाथ, जी हनुवटीजवळून जायला हवी होती, ती खरोखर लागली. नोविन्स्की खाली पडला आणि त्याला कळेना की आपण कुठे आहोत, आणि छताकडे का बघतोय. पुढचं सगळं ठरलेलं होतं, कुणी कधी उठायचं, कुणी जिंकायचं, पण त्याला त्यातलं काहीच आठवेना. मॅच कशीबशी संपली. मागे गेल्यावर डोकं ठणकत होतं. त्याला विचारलं गेलं तेव्हा तो म्हणाला, ठीक आहे.

पुढचे काही आठवडे तो हेच म्हणत राहिला आणि कुस्ती खेळत राहिला. डोकेदुखी लपवली, चक्कर लपवली. मग एका रात्री तो झोपेतच पलंगावरून उठून झेपावला आणि शेजारच्या टेबलावर जाऊन आदळला. सोबत असलेली मैत्रीण घाबरून ओरडत होती. त्याला स्वतःला यातलं काही नीट कळलं नव्हतं. तिथे त्याचं ‘ठीक आहे’ संपलं.

हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मोबाइल बाजूला ठेवून थोडा वेळ बसून राहिलो. न दुखलेलं दाखवण्याचे पैसे घेणारा माणूस खरं दुखल्यावर ते जीव तोडून लपवत होता. आयुष्यातलं एकमेव खरं दुखणं त्याने ‘नो-सेल’ केलं. आणि ते करताना त्याला हे खोटं बोलणं वाटलंच नसणार. त्याला ते खेळाडूपण वाटलं असणार, कारण आठव्या-नववीपासून प्रत्येक मैदानावर त्याला तेच शिकवलं होतं.

आता प्रश्न येतो तो मला बरेच दिवस छळतोय. त्याचं डोकं, त्याचं करिअर, त्याचा निर्णय. बाकीच्यांनी मधे का पडावं?

जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताचं ‘ऑन लिबर्टी’ १८५९ सालचं. आगरकरांच्या पिढीने मिल घोटून वाचला होता, आपण मात्र त्याला एमपीएससीच्या नोट्समध्ये दोन ओळींत भेटतो. मिलचं म्हणणं थोडक्यात असं की दुसऱ्याला इजा होत नसेल तर माणसाच्या शरीरावर आणि मनावर फक्त त्याचीच सत्ता. त्याच्या भल्यासाठी म्हणूनसुद्धा त्याच्यावर सक्ती करायची नाही. मला हे मनापासून पटतं. माझ्या वयाच्या बहुतेकांना पटेल, कारण ‘तुझ्या भल्यासाठीच सांगतोय’ या वाक्याखाली आपल्याकडे काय काय खपवलं जातं ते आपण बघितलेलं आहे. कुणी हिमालयात चढायला जावं, कुणी रात्रभर कोड लिहावं, कुणी डोक्याने डोकं फोडून पैसे कमवावेत. मोठी माणसं आहेत.

मिल एक पुलाचं उदाहरण देतो. पूल मोडकळीला आलाय, एक माणूस त्यावर पाऊल टाकायला निघालाय, त्याला सांगायला वेळ नाही. अशा वेळी त्याला धरून मागे ओढलं तर त्याचं स्वातंत्र्य हिरावलं असं होत नाही, कारण नदीत पडायची त्याची इच्छाच नाही. पण धोका नक्की नसेल, फक्त शक्यता असेल, तर त्याला सांगावं आणि पुढचं त्याच्यावर सोडावं. इथेच मिल जाता जाता एक अपवाद नोंदवतो, जो मी पहिल्या वाचनात सोडूनच दिला होता. तो माणूस लहान मूल असेल, भ्रमात असेल, किंवा विचारशक्ती पुरती चालू नये अशा एखाद्या उत्तेजित अवस्थेत असेल, तर गोष्ट वेगळी.

डोक्याला मार बसलेला खेळाडू हा अपवाद शब्दशः आहे. पाय मोडला तर निर्णय घेणारं डोकं शाबूत असतं. इथे ज्याला विचारायचं की ‘तुला काही झालंय का’, त्यालाच ते झालंय. आमच्या भाषेत सांगायचं तर ज्या सर्व्हरवर बिघाड आहे, त्याच सर्व्हरला आपण पिंग करून विचारतोय की सगळं चालू आहे ना, आणि तो इमानदारीने ‘ओके’ पाठवतोय. म्हणून कोणतीही शहाणी टीम देखरेखीची यंत्रणा दुसऱ्या मशीनवर ठेवते. मैदानात ते दुसरं मशीन म्हणजे बाजूला उभी असलेली माणसं.

नोविन्स्कीला बरेच डॉक्टर झाल्यावर रॉबर्ट कॅन्टू नावाचे मॅसेच्युसेट्सचे न्यूरोसर्जन भेटले. कन्कशन म्हणजे बेशुद्धच पडायला हवं असं नाही, हे त्यांनी त्याला समजावलं. डोक्याला धक्का बसून क्षणभर तारे चमकले, गोंधळ उडाला, थोडा काळ पुसला गेला, तरी ते कन्कशनच. तेव्हा त्याला मागचे, फुटबॉलमधले कितीतरी प्रसंग आठवले, ज्यांना त्याने कधी दुखापत म्हणून मोजलंच नव्हतं. हार्वर्डचा पदवीधर, आणि स्वतःच्या डोक्याविषयी ही मूलभूत गोष्ट त्याला आजवर कुणी सांगितली नव्हती. मग संमती नक्की कशाला दिली होती?

आणि माहिती नव्हती असंही नाही. मुष्टियोद्ध्यांचा मेंदू सतत मार खाऊन बिघडतो हे एका अमेरिकन डॉक्टरने १९२८ मध्येच वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या सगळ्यात मोठ्या लीगने १९९४ मध्ये डोक्याच्या दुखापतींवर समिती नेमली, तिच्या प्रमुखपदी बसवला संधिवाताचा डॉक्टर. माइक वेबस्टर हा नामांकित खेळाडू २००२ मध्ये पन्नाशीत गेला, तेव्हा बेनेट ओमालू या पॅथॉलॉजिस्टला त्याच्या मेंदूत टाऊ नावाच्या प्रथिनाचे असे साठे दिसले, जे त्या वयात दिसायला नको होते. या आजाराला सीटीई म्हणतात, क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी. ओमालूचा शोधनिबंध २००५ मध्ये छापून आला, तर लीगच्या समितीतल्या डॉक्टरांनी तो मागे घ्या असं नियतकालिकाला लिहिलं. पुलाची अवस्था ठाऊक असलेले लोक पलीकडे उभे राहून तिकिटं विकत होते, असं मी म्हटलं तर ते फार अतिशयोक्त होणार नाही.

नोविन्स्कीने २००६ मध्ये ‘हेड गेम्स’ हे पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आन्द्रे वॉटर्स या निवृत्त फुटबॉलपटूने, वयाच्या ४४ व्या वर्षी, स्वतःवर गोळी झाडून घेतली. समोरच्यावर बेधडक आदळण्याबद्दल वॉटर्सची ख्याती होती. नोविन्स्कीने त्याच्या घरच्यांना फोन केला.

या फोनपाशी मी अडतो. मी स्वतःला तिथे ठेवून पाहतो. घरात मयत झालेली आहे, दहावंही झालेलं नाही अशा घरात फोन लावायचा. आपण कोण, तर टीव्हीवर खोटी कुस्ती खेळणारा. मागायचं काय, तर मेंदू. आमच्या आजोबांच्या डोळ्यांसाठी असाच एकाने विचारलं होतं, तर काकांनी त्याला जवळजवळ हाकलून दिलं होतं, आणि ते तर नेत्रदान, ज्याची पोस्टर्स एसटी स्टँडवर असतात. नोविन्स्कीवर टीकाही झाली, मृत्यूच्या बातमीवर टपून बसलेला म्हणून. ती टीका मला सगळीच खोटी वाटत नाही. शोकातल्या माणसाचा होकार हा किती खरा होकार? म्हणजे ज्या गोष्टीसाठी तो लढत होता, विचार करायच्या अवस्थेत नसलेल्या माणसाची संमती, नेमकी तीच त्याला मागावी लागत होती. फरक एवढाच की इथे नकार दिल्याने कुणाचं करिअर बुडणार नव्हतं आणि होकाराने कुणाचा मेंदू. पण मेंदू ठरावीक वेळेतच काढावा लागतो आणि सीटीईचं पक्कं निदान आजही मृत्यूनंतरच होतं, त्यामुळे ‘नंतर बोलू’ ही सोय नव्हती.

वॉटर्सच्या घरच्यांनी होकार दिला. ओमालूने मेंदू तपासला आणि तो ८५ वर्षांच्या, अल्झायमर सुरू झालेल्या माणसासारखा असल्याचं सांगितलं. जानेवारी २००७ मध्ये ही बातमी न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर छापली. पुढे नोविन्स्की आणि कॅन्टू यांनी मिळून संस्था काढली, बोस्टन विद्यापीठात ॲन मॅकी यांच्या हाताखाली मेंदूंची बँक उभी राहिली. नोविन्स्कीने स्वतःचाही मेंदू तिला देऊन टाकलाय, अर्थात मरणोत्तर. २०१७ मध्ये त्याने मेंदूविज्ञानात पीएचडी केली. ज्या पैलवानाला रिंगमध्ये शहाणपणा मिरवण्याबद्दल शिव्या पडायच्या तो खरोखर डॉक्टर झाला, हे मला थोडं गमतीचं वाटतं.

त्याच वर्षी या बँकेचा अभ्यास छापून आला. एनएफएल खेळलेल्या १११ जणांचे मेंदू तपासले होते, त्यांतल्या ११० मध्ये सीटीई होता. हा आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकण्याआधी थोडं थांबा. मेंदू देतात ते बहुतेक करून ज्यांच्या घरी काहीतरी बिनसलेलं दिसलं होतं तेच. आमच्याकडे जसं ज्याचं ॲप बंद पडतं तोच तक्रार करतो, ज्याचं चालतंय तो गप्प. त्यामुळे फुटबॉल खेळणाऱ्या ९९ टक्के लोकांना हा आजार होतो असं यातून निघत नाही, आणि हे अभ्यास करणाऱ्यांनीच सांगितलंय. पण १११ पैकी ११० ही संख्या कितीही चाळून घेतली तरी चाळणीत बरंच उरतं.

बेनुआच्या मेंदूतही सीटीई सापडला. त्याच्या वडिलांना त्यात काही उत्तर मिळालं असेल. मला मिळत नाही. त्याचं डोकं बिघडलेलं होतं म्हणून त्या दोन खुनांचा दोष कमी होतो का? ज्यांना हा आजार झाला त्यांतल्या जवळपास कुणीही असलं काही केलेलं नाही. आणि तरी, माझ्या आवडत्या त्या झेपेने दर वेळी थोडं थोडं काय होत होतं, हे आता माहीत असताना, माझ्या टाळ्यांचा हिशोब मी शून्य धरू शकत नाही. डब्ल्यूडब्ल्यूईने २०१० मध्ये डोक्यात खुर्ची मारणं बंद केलं. २०१३ मध्ये नोविन्स्कीच्या संस्थेला मोठी देणगीही दिली. त्यावर लोकांनी नाकं मुरडली. मी मुरडणार नाही. तो पैसा कुठून आला असं विचारायला गेलो तर त्यात माझ्या घरच्या केबलचेही काही रुपये निघतील.

आता माझी गोष्ट. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला मी कॉलेजच्या कबड्डी संघात राखीव होतो. राखीव म्हणजे पाण्याच्या बाटल्या आणि सगळ्यांचे मोबाइल सांभाळणारा. एका आंतरमहाविद्यालयीन मॅचमध्ये आमचा सगळ्यात चांगला चढाईवाला, माझा रूममेट, पकडीतून सुटायला वाकला आणि एकाचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. तो उठला, धूळ झटकली, बाहेर आला. मी पाणी दिलं. त्याने विचारलं, “स्कोअर काय झाला रे?” मी सांगितलं. एक घोट प्यायला आणि परत विचारलं, “स्कोअर काय झाला?” मी परत सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी हसलो. आमचे सर आले, म्हणाले, “काय रे, ठीक आहेस ना?” तो म्हणाला, “हो सर.” सरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, “ठीक आहे सर तो.”

तो पुन्हा आत गेला आणि मॅच संपेपर्यंत खेळला. त्याला काही झालं नाही. म्हणजे काही झाल्याचं दिसलं नाही. आज तो बेंगळुरूला नोकरी करतो, माझ्यापेक्षा जास्त कमावतो. त्या वेळी कन्कशनची लक्षणं मला माहीत नव्हती हे खरं, पण एकच प्रश्न तीनदा विचारणारा माणूस ठीक नसतो हे कळायला माहितीची गरज नव्हती. आम्ही तेव्हा दोन गुणांनी मागे होतो, एवढंच मला माहीत होतं. मिलच्या पुलावर मी त्याला मागे ओढलं तर नाहीच, सरांना पूल पक्का असल्याचं सर्टिफिकेटही दिलं. आणि सर तरी काय, त्यांनाही तेच ऐकायचं होतं. आम्ही तिघांनी मिळून एक वाक्य तयार केलं आणि ते त्याच्या तोंडी आहे म्हणून ते त्याचं धरलं.

नोविन्स्कीची संस्था २०१८ पासून म्हणतेय की १४ वर्षांखालच्या मुलांना अंगावर आदळण्याचा फुटबॉल खेळू देऊ नका, त्यांना कंबरेची पट्टी ओढून घ्यायचा प्रकार खेळू द्या. मोठ्यांना खेळू नका असं तो म्हणत नाही. त्याचं म्हणणं मला मिलच्या बरंच जवळचं वाटतं, त्याने मिल वाचलाय की नाही कोण जाणे.

हा लेख लिहायला घेतल्यावर मी रूममेटला फोन केला. आधी पगार, मग घरभाडं, मग ती मॅच. त्याला शेवटची पंधरा-वीस मिनिटं अजिबात आठवत नाहीत. आपण हरलो होतो हेही त्याला नंतर कुणीतरी सांगितलं होतं. “पण परत येताना बसमध्ये मला उलटी झाली होती, ते आठवतंय,” तो म्हणाला. “दोनदा. आणि तू म्हणालास, स्टँडवरचा वडापाव बाधला असेल.”

मला हे आठवत नव्हतं. त्याने सांगितल्यावर आठवलं. वडापाव आम्ही सगळ्यांनीच खाल्ला होता.